गडाच्या पायथ्याशीं ठेवलेली मोटार

मृगाच्या सरी पडून सह्याद्रीच्या कड्यांवर हिरवळ चढूं लागली म्हणजे मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांतून शनिवारीं रात्रीं एक ठराविक लगबग सुरू होते. पाठीवरच्या सॅका भरल्या जातात, विजेऱ्यांत नवे सेल घातले जातात, माळ्यावरचा तंबू खालीं उतरतो. आणि पहाटेच्या अंधारांत कोणाची मोटार राजगडासाठीं गुंजवण्याकडे, कोणाची तोरण्यासाठीं वेल्ह्याकडे, कोणाची कळसूबाईसाठीं बारी गांवाकडे, तर कोणाची हरिश्चंद्रगडासाठीं पाचनईकडे धांवूं लागते. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर इत्यादि महाराष्ट्रांतील अकरा आणि तामिळनाडूंतील जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले. तेव्हां या वाटा यापुढें अधिकच रुळल्या तर त्यांत नवल नाहीं.

गड चढून उतरावयास पांच-सहा तास सहज लागतात. वर मुक्काम असला तर सारी रात्र जाते. तेवढा वेळ पायथ्याशीं एकटी उभी असलेली मोटार म्हणजे, नीट विचार केला तर, कांचेच्या भिंतींची एक खोलीच होय. त्या खोलींत काय काय असतें? कॅमेऱ्याची दुसरी भिंग, पक्षी पाहण्याची दुर्बीण, जादा दोर, तंबू, परतीच्या प्रवासाचे कपडे, कोणाचा लॅपटॉप, कोणाचें पैशाचें पाकीट, आणि पुष्कळदां घराची किल्लीसुद्धां. घरीं हेंच सामान कपाटांत कुलूप लावून ठेवणारा शहाणा गृहस्थ, येथें तें मागच्या आसनावर टाकून निर्धास्त मनानें डोंगर चढूं लागतो.

चोरी झाली म्हणजे हानीचा हिशेब केवळ रुपयांत करतां येत नाहीं. भर पावसांत, फुटलेल्या कांचेनिशीं, लहान मुलें बरोबर असतां, शंभर-दीडशें किलोमीटरचा रस्ता रात्रीं कापावा लागतो. कोणाचें रोजचें औषध त्याच पिशवींत असतें. गिर्यारोहण मंडळाकडून उसना आणलेला दोर गेला, तर पुढच्या रविवारीं दुसऱ्या कोणाची चढाई अडते. घराची किल्ली आणि घराचा पत्ता असलेला कागद एकाच पिशवींतून गेला, तर ज्याची मोटार फुटली त्याचें घरही चोरास मोकळें होतें. आणि याहून वाईट म्हणजे संशय. मोटारीपाशीं उभ्या असलेल्या गांवच्या पोराकडे, चहाच्या टपरीवाल्याकडे शहरांतला मनुष्य डोळे वटारून पाहूं लागतो. चोर कदाचित् तिसऱ्याच गांवचा असून केव्हांच पसार झालेला असतो. पण कटुता मात्र त्या गांवांत मागें राहते.

चोरी कशी घडते याचा शास्त्रीय विचार अलीकडच्या काळांत पुष्कळ झालेला आहे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोघां अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं असें मांडलें कीं, असा गुन्हा घडण्यास तीन गोष्टी एकाच वेळीं एकाच जागीं याव्या लागतात: चोरी करण्यास तयार असलेला मनुष्य, त्याला मोह पाडील अशी वस्तु, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. तिन्हींपैकीं एक जरी काढून घेतली तरी गुन्हा टळतो. यांतली पहिली गोष्ट साध्या प्रवाशाच्या हातीं नाहीं. जगांतला चोर नाहींसा करणें हें राज्यकर्त्यांचें व समाजाचें दीर्घकाळाचें काम आहे. परंतु उरलेल्या दोन गोष्टी, म्हणजे मोहाची वस्तु आणि राखण, या बऱ्याच अंशीं प्रवाशाच्याच हातच्या आहेत.

कोणत्या वस्तूंचा चोरास विशेष मोह पडतो, याचा विचार रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञानें १९९९ सालीं ब्रिटिश गृहखात्यासाठीं लिहिलेल्या एका निबंधांत केला. त्यानें सहा लक्षणें सांगितलीं. वस्तु लपवितां येण्याजोगी असावी, उचलून नेतां येण्याजोगी असावी, सहज हातीं लागणारी असावी, मौल्यवान असावी, बाळगण्यांत सुख देणारी असावी, आणि झटपट विकून मोकळें होतां येण्याजोगी असावी. आतां भटक्यांच्या सामानास ही कसोटी लावून पाहावी. दुर्बीण आणि कॅमेरा सहाही परीक्षांत उत्तीर्ण होतात. भरलेली सॅक तर चोरानें न्यावी म्हणूनच जणूं पट्टे लावून तयार केलेली असते. उलट, काजळी धरलेली शेगडी किंवा चिखलानें माखलेले बूट यांकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. म्हणजे सर्वच सामानाची सारखीच चिंता वाहण्याचें कारण नाहीं. मोहाच्या चार वस्तु ओळखाव्या आणि बंदोबस्त त्यांचा करावा.

या बंदोबस्ताच्या मार्गांत पहिला गैरसमज असतो तो मोटारीच्या कुलपाविषयीं. कुलूप लावलें कीं मोटार बंद झाली, असें वाटतें. पण बंद झालेला असतो तो दरवाजा, खिडकी नव्हे. मोटारीची पुढची कांच दोन थरांमध्यें चिकट पापुद्रा घालून केलेली असते. ती फुटली तरी जागच्या जागीं तडकून राहते. बाजूच्या कांचा मात्र बहुतेक गाड्यांत निराळ्या जातीच्या असतात. त्या तापवून एकदम थंड केलेल्या असल्यामुळें त्यांचा पृष्ठभाग सतत दाबाखालीं आणि आंतला भाग सतत ताणाखालीं असतो. हा तोल आहे तोंवर ती कांच पुष्कळ आघात सोसते. तोल बिघडला कीं सबंध कांच क्षणांत बोथट कणांच्या राशींत कोसळते. अपघातांत मनुष्याचा गळा कापला जाऊं नये म्हणून योजिलेला हा गुण चोराच्या पथ्यावर पडतो. त्याला फार वेळही लागत नाहीं आणि फार आवाजही होत नाहीं.

कांच काळी करून सामान झांकण्याची सोय कायद्यानें ठेवलेली नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमाप्रमाणें पुढच्या व मागच्या कांचेंतून किमान ७० टक्के, आणि बाजूच्या कांचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. तेव्हां आंतलें सामान बाहेरून दिसणारच. म्हणून मोटारीचा खरा तट कुलपाचा नसून दृष्टीचा आहे. जें दिसत नाहीं त्यासाठीं कांच फोडण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. जें दिसतें तें मात्र जाण्याची वेळ येते.

या ठिकाणीं शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाची आठवण होते. तिसऱ्या अंकांत शर्विलक भिंतीस मोठ्या कौशल्यानें भोंक पाडून चारुदत्ताच्या घरांत शिरतो. आंत पाहतो तों काय, मृदंग, वीणा, पोथ्या! घर दरिद्री आहे असें समजून तो परत फिरण्याच्या बेतांत असतो. इतक्यांत अलंकारांची ठेव उशाशीं घेऊन झोंपलेला विदूषक मैत्रेय स्वप्नांत बरळूं लागतो आणि सुवर्णाची ती पेटी आपल्या हातानें चोराच्या हवालीं करतो. चोराची कला तेथें फुकट गेली होती. ठेव गेली ती राखणाऱ्याच्या बोलण्यानें. आजचे मैत्रेय झोंपेंत बरळत नाहींत, जागेपणीं बरळतात. गडाच्या पायथ्याशीं मोटारीची डिकी सताड उघडून, दहा माणसांच्या देखत कॅमेरा कोणत्या पिशवींत आणि पाकीट कोठें याची मोठ्यानें चर्चा करणें, अथवा ‘आम्ही आतां वर मुक्कामास चाललों’ असें मोटारीच्या छायाचित्रासह सर्व जगास मोबाईलवरून कळविणें, हा मैत्रेयाचाच प्रकार होय.

म्हणून पहिला नियम असा कीं, जी वस्तु त्या दिवशीं लागणार नाहीं ती घरींच ठेवावी. लॅपटॉप, दागिने, जादा बँककार्डें यांचा गडाशीं कांहीं संबंध नाहीं. मोटारीचीं मूळ कागदपत्रें बरोबर नेण्याचीही आवश्यकता राहिलेली नाहीं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांवरील परवाना आणि नोंदणीपत्र २०१८ पासून कायद्यानें ग्राह्य धरलें जातें. घराची किल्ली अंगावर असावी. पाकीट, फोन आणि औषध हीं तर नेहमीं मनुष्याबरोबर चढावीं आणि मनुष्याबरोबर उतरावीं.

दुसरा नियम वेळेचा आहे. जें सामान डिकींत ठेवावयाचें तें घरूनच ठेवून निघावें. पायथ्याशीं पोंचल्यावर मागच्या आसनावरून उचलून डिकींत टाकलें, तर लपविलें असें होत नाहीं. कोठें लपविलें तें दाखविलें असें होतें. घरून जमलें नसेल तर गांवाच्या अलीकडे चार-पांच किलोमीटरवर गाडी थांबवून ही व्यवस्था करावी आणि मग मुक्कामीं जावें. परत आल्यावर जोडे बदलण्यासाठीं लागणारी पिशवी तेवढी निराळी, वरच्या बाजूस असावी, म्हणजे डिकी पुनःपुन्हां उघडावी लागत नाहीं.

डिकीविषयींही एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुष्कळ मोटारींत चालकाच्या आसनापाशीं डिकी उघडण्याची कळ असते. खिडकी फुटली कीं ती हातीं लागते. लहान मोटारींत तर डिकी आणि मागचें आसन यांमध्यें केवळ एक उचलतां येणारी फळी असते. म्हणून डिकी ही तिजोरी नव्हे, पडदा आहे. पडद्याचें काम ती उत्तम करते. तरीही एखादी किंमतवान पेटी ठेवणें भागच पडलें, तर ती तारेच्या दोरखंडानें व कुलपानें डिकींतील पक्क्या कडीस बांधावी. असें कुलूप चोरी अशक्य करीत नाहीं, परंतु वेळ वाढवितें. आणि चोराला सर्वांत महाग वस्तु कोणती असेल तर ती वेळ होय. मोटार मागें घेऊन डिकीची बाजू भिंतीस अगदीं लागून उभी केली, तर डिकी बाहेरून उघडतच नाहीं. ही युक्ति फुकटची असून उत्तम आहे.

आंतली बाजू जितकी रिकामी, तितकी बरी. फोन भरावयाची तार, कांचेस चिकटविलेली फोनची बैठक, आसनावर पसरलेली रिकामी शाल, यांवरून आंत कांहीं तरी असावें असा तर्क बाहेरचा मनुष्य करतो. शालीखालीं कांहीं नाहीं, हें मालकास ठाऊक असतें, चोरास नव्हे. पुढचा खण उघडा टाकून त्यांत कांहीं नाहीं असें दिसूं देणें, हाही चांगला उपाय आहे. मात्र रिकामी मोटार दाखविण्याच्या हौसेनें शेगडीचे गॅसचे डबे उन्हांत तापणाऱ्या डिकींत कोंडूं नयेत. पन्नास अंशांवर तापूं देऊं नये, अशी सूचना त्या डब्यांवरच छापलेली असते. बंद मोटार उन्हाळ्यांत त्या सीमेस सहज पोंचते.

टपावरील कॅरिअरवर सायकली किंवा होडीची वल्हीं बांधून नेणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तेथें पडदा नाहीं. पट्ट्यानें बांधलेली वस्तु सुरीच्या एका फटक्यानें सुटते, म्हणून पट्ट्याच्या जोडीस कुलपाची तार हवी. आणि तीही सायकलच्या चाकांतून नव्हे, सांगाड्यांतून ओवलेली असावी. चाक झटक्यांत निघतें, सांगाडा निघत नाहीं. रात्रींच्या मुक्कामीं तर सायकल खोलींत नेणें हेंच खरें.

किल्ली ही तर साऱ्या बंदोबस्ताची किल्ली. तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर पाण्यांत उतरणारे पुष्कळ लोक किल्ली चाकावर ठेवतात आणि ही जागा आपल्यालाच सुचली असें समजतात. चोर प्रथम तेथेंच पाहतो. किल्ली मुक्कामाच्या घरीं ठेवावी किंवा बरोबरच्यांपैकीं किनाऱ्यावर बसणाऱ्या एकाजवळ द्यावी. दुरून कळ दाबून मोटार बंद करणाऱ्यानें कळ दाबल्यावर दरवाजाची मूठ एकदां ओढून पाहावी. कारण किल्लीचा संदेश मोटारीस पोंचूं न देणारीं यंत्रें चोरांनीं वापरल्याचीं उदाहरणें अनेक देशांत घडलेलीं आहेत. किल्ली नुसती जवळ आली तरी उघडणाऱ्या मोटारींचा संदेश दोन यंत्रांच्या साह्यानें लांबवितां येतो. अशी किल्ली मुक्कामीं धातूच्या झांकणबंद डब्यांत ठेवावी. धातूच्या वेष्टणाच्या आंत बाहेरचें विद्युत्क्षेत्र शिरत नाहीं, हें मायकेल फॅरेडेनें १८३६ सालींच दाखवून दिलें होतें. संदेशाच्या लहरींसही घट्ट बसणारें वेष्टण तसेंच अडवितें. डबा चांगला आहे कीं नाहीं, हें किल्लीसह मोटारीजवळ नेऊन पाहिल्यास लगेच कळतें.

आतां राखणीचा विचार. गर्द झाडीखालीं, वाटेपासून दूर, एकांतांत मोटार लावणें सांवलीसाठीं सोयीचें असतें, तसेंच चोरासही सोयीचें असतें. त्यापेक्षां गांवांत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेखालीं, शक्य तर एखाद्या घराच्या अंगणांत परवानगी मागून मोटार ठेवावी. बहुतेक गडांच्या पायथ्याशीं आतां जेवणाची सोय करणारीं घरें आहेत. ‘मावशी, उद्यां दुपारपर्यंत गाडी येथें ठेवतों, आल्यावर जेवायलाच येऊं’ एवढें बोललें, ठरलेले पैसे आनंदानें दिले, आपलें नांव आणि उतरण्याची वेळ सांगितली, म्हणजे एका कुटुंबाचे डोळे त्या मोटारीवर राहतात. हीच माहिती पुढें वाट चुकल्यास शोध घेणाऱ्यांसही उपयोगी पडते. जेथें ग्रामपंचायत किंवा वन समिती वाहनतळाचे पैसे घेते, तेथें पावती अवश्य घ्यावी. पैसे देणें टाळून चार पावलें पुढें रानांत गाडी लावणारा मनुष्य थोडे रुपये वांचवितो आणि राखण गमावितो.

मोटारीचा गजर उपयोगी खरा, परंतु ऐकणारें कोणी असेल तरच. सामानांत लपवून ठेवण्याच्या, ठावठिकाणा कळविणाऱ्या टिकल्या अलीकडे मिळतात. त्यांतल्या पुष्कळशा टिकल्या जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनच्या आधारानें काम करतात. म्हणून शहरांत त्या तत्पर असतात आणि डोंगरांत मुक्या होतात. टिकलीनें ठिकाण दाखविलेंच, तर स्वतः तेथें जाऊन झगडा मांडूं नये. ती माहिती पोलिसांच्या हवालीं करावी.

याहून साधी आणि निश्चित उपयोगाची गोष्ट म्हणजे एक यादी. कॅमेरा, भिंग, दुर्बीण यांवरील अनुक्रमांक, सायकलच्या सांगाड्याच्या तळाशीं कोरलेला क्रमांक, फोनवर ‘तारा, चौकोन, शून्य, सहा, चौकोन’ अशा कळा दाबल्यावर दिसणारा पंधरा आंकडी क्रमांक, हीं सर्व वस्तूंच्या छायाचित्रांसह घरीं एका वहींत असावीं. क्रमांक नसलेल्या वस्तूवर आपली खूण पक्क्या शाईनें घालावी. पोलिसांना सांपडलेल्या मालांतून ‘हा आमचा’ असें म्हणतांना ही वही साक्ष देते. फोनच चोरीस गेला, तर मे २०२३ मध्यें देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी व्यवस्थेंत तो क्रमांक नोंदवून फोन निकामी करवितां येतो. त्यासाठीं पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते.

इतकें करूनही चोरी झाली तर? आंत हात घालून शोधाशोध करण्यापूर्वीं मोटारीचीं छायाचित्रें घ्यावीं, मग ११२ या क्रमांकावर कळवावें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणें चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. चोरीची किंमत पांच हजार रुपयांहून कमी असून गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला व त्यानें माल अथवा त्याची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा द्यावी, अशी मानवतेची तरतूद त्याच कलमांत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें गुन्हा कोणत्याही हद्दींत घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देतां येते. ती विद्युत्-माध्यमानेंही देतां येते, मात्र तीन दिवसांच्या आंत तीवर सही करावी लागते. आणि खबरीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क तक्रारदारास आहे. म्हणून ‘हद्द आमची नाहीं’ असें उत्तर मिळाल्यास नम्रपणें पण ठामपणें हें कलम दाखवावें. विम्याचें म्हणाल, तर मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यांत फुटलेली कांच सामान्यतः येते, आंतलें खाजगी सामान मात्र बहुधा येत नाहीं. त्यासाठीं निराळा जादा विमा घ्यावा लागतो. आपल्या विमापत्रांत काय लिहिलें आहे, हें प्रवासापूर्वीं वाचलेलें बरें.

एक शेवटची गोष्ट खरेदी करणाऱ्यांसाठीं आहे. चोरलेला माल विकला जातो म्हणूनच चोरला जातो. अर्ध्या किंमतीस, पावतीवांचून, पेटीवांचून मिळणारी दुर्बीण घेणारा मनुष्य पुढच्या चोरीची सुपारीच देत असतो. आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा कलम ३१७ प्रमाणें स्वतंत्र गुन्हा आहे. दोराच्या बाबतींत तर हा मोह प्राणावर बेततो. चढाईचा दोर किती जुना, किती झटके सोसलेला, कोणत्या रसायनाशीं लागलेला, हें डोळ्यांना दिसत नाहीं. ज्याचा इतिहास ठाऊक नाहीं त्या दोरावर जीव टांगूं नये.

सर्व उपायांचा सारांश काढला तर त्यांत यंत्रांपेक्षां संवयी अधिक आहेत: कमी न्यावें, घरूनच झांकून न्यावें, उघड्या नजरेखालीं ठेवावें, आणि कोणाच्या तरी हवालीं करून जावें. या संवयी ज्यांनीं लावून घेतल्या त्यांना गांवांतल्या प्रत्येक मनुष्याकडे संशयानें पाहावें लागत नाहीं. बंदोबस्त पुरेसा असला म्हणजे मन मोकळें राहतें. मग अंगण देणारी मावशी आणि वाट दाखविणारा तिचा मुलगा हे मोटारीचे पहारेकरी न राहतां ओळखीचीं माणसें होतात. गडाची वाट त्यांच्याच दारावरून जाते. म्हणून ही ओळख टिकविणें मोटारींतील सामानाइतकेंच, किंबहुना अधिक, जपण्याजोगें आहे.